हातमोज्याशी लग्न

तलवार काही केल्या म्यानातून निघेना.

दादासाहेबांनी आधी ती एका हातानं ओढून पाहिली, रुबाबात, मान जरा तिरकी करून. मग दोन्ही हातांनी. मग म्यानाला पाय लावून. शेवटी म्यान एका गड्याच्या हातात, मूठ दुसऱ्याच्या हातात आणि मध्ये उभे राहून दादासाहेब ओरडतायत, "ओढा! जोर लावा! भाकरी खाता की नाही रे?" असा तो देखावा मी त्यांच्याच वाड्यातल्या खोलीच्या खिडकीतून बघत होते. बघणं भागच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच तलवारीशी माझं लग्न होतं.

"एरंडेल सोडा," कुणीतरी म्हणालं.

"एरंडेलानं काय होतंय? रॉकेल घाला."

"पानिपतात चालली तेव्हा नाही अडकली ती," दादासाहेब म्हणाले. जणू हे स्वतः तिथं बाजूलाच उभे होते.

पानिपतातनं पळून येताना म्यानात घातली असेल ती घातलीच, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण अंगाला हळद लागली की मुलीनं बोलायचं नसतं. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झाले होते, वादविवाद स्पर्धेतले दोन पेले आमच्या मिरजेच्या घरात कपाटावर होते, आणि मी गप्प बसले होते. तेवढ्यात खाडकन आवाज झाला. सगळ्यांनी "जय भवानी" म्हटलं. मूठ बाहेर आली होती. पातं आतच राहिलं होतं.

दादासाहेबांनी मूठ उलटसुलट करून पाहिली, पुन्हा म्यानावर बसवली, वर लाल कापड गुंडाळायला सांगितलं आणि म्हणाले, "लग्नात तलवार उपसायची नसतेच."

एकाहत्तर सालचा डिसेंबर होता. सीमेवर खरीखुरी लढाई चालली होती आणि सातारा जिल्ह्यातल्या त्या गावात दादासाहेब जगदाळे आपली लढाई लढत होते. त्याआधी त्यांनी एकच लढली होती, साखर कारखान्याच्या निवडणुकीची. तीही हरले होते. पण घराणं जुनं. आणि जुन्या मराठा घराण्यांत एक चाल होती. नवरदेव मोहिमेवर असला आणि मुहूर्त टळू नये असं वाटलं, तर त्याच्या जागी पाटावर त्याचा खांडा, म्हणजे तलवार, ठेवायची. मुलीनं तिला हार घालायचा. झालं लग्न. नवरा परत आला तर सोन्याहून पिवळं. नाही आला, तर मुलगी त्या घरची विधवा. हा दुसरा भाग मोठ्यानं कुणी बोलत नसे, पण तो सगळ्यांना पाठ होता. मलाही.

नवरदेव होता दादासाहेबांचा पुतण्या, फ्लाइंग ऑफिसर विश्वजित जगदाळे. घरात त्याला विसू म्हणत. तो पंजाबात कुठल्याशा विमानतळावर होता आणि त्याची रजा रद्द झाली होती.

त्याला मी पहिल्यांदा पाहिलं ते उन्हाळ्यात, आबांच्या ऑफिसात. आबा म्हणजे माझे वडील, मिरजेत वकील. दोन्हीकडच्या मंडळींनी मोठ्या मनानं आम्हांला एकत्र बोलायला दिलं, दार सताड उघडं ठेवून, बाहेर चार माणसं कान टवकारून बसवून. लढाऊ विमानाचा वैमानिक म्हणजे कसा असेल याचं एक चित्र मी डोक्यात रंगवलं होतं. आत आला तो माझ्यापेक्षा बोटभर बुटका, किडकिडीत, कान बाहेर आलेले. मिशी नाही. खुर्चीत बसला तर आबांच्या कायद्याच्या पुस्तकांआड दिसेनासा झाला.

"निराशा झाली ना?" त्यानं विचारलं.

"जरा," मी म्हणाले.

तो खो खो हसला. "मी नॅट चालवतो. फार लहान विमान असतं ते. धिप्पाड माणसं त्यात मावत नाहीत, म्हणून मला घेतलं. गावात सांगू नका, तिथं सगळ्यांना वाटतं माझ्या शौर्याकडे बघून घेतलं."

"भीती नाही वाटत?"

"वाटते की. पण वर असताना वेळच नसतो. खाली उतरलो की वाटते. जेवताना." मग म्हणाला, "हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. तुम्ही काय जादू करता?"

"उलटतपासणी. बापाकडून आलंय."

त्यावर तो गंभीर झाला. दाराकडे एकदा बघून हळू आवाजात म्हणाला, "मग आता मी एक विचारतो. माझे वडील घोड्यावरून पडून गेले. मी पाळण्यात होतो. आई तेव्हा तुमच्या वयाची. तेव्हापासून ती मागच्या पडवीत बसते. घरात लग्न असो, बारसं असो, हळदीकुंकू असो, तिची जागा मागची पडवी. मी वैमानिक झालो तेव्हा गावभर पेढे वाटले. वाटायला उभी कोण? काकी. आई पडवीतून बघत होती. इतकी चीड आली मला! पण आईनंच मला गप्प केलं." "तर विचारायचं असं की, मला काही झालं तर तुम्ही पडवीत बसाल?"

मुलगी बघायला आलेल्या माणसानं हे विचारायचं असतं का? लोक स्वयंपाक येतो का विचारतात, गाणं म्हणायला लावतात. पण खोटं बोलवेना.

"मी कुणाच्या बापाच्या सांगण्यावरून पडवीत बसणार नाही."

"झालं तर मग," तो उठला आणि दाराबाहेरच्या चौघांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मला मुलगी पसंत आहे!"

सरळ सांगते, मला तो फार आवडला. माझं पुढं रीतसर लग्न झालं, हाडामांसाच्या चांगल्या माणसाशी. संसार झाला, शाळा चालवली, आता नातवंडं आहेत. तरीही सांगते. त्या बुटक्या माणसावर माझा जीव जडला तो तिथंच, कायद्याच्या पुस्तकांसमोर.

साखरपुडा झाला. डिसेंबरातला मुहूर्त निघाला. मग रजा रद्द झाली. आबा म्हणाले, लग्न पुढं ढकलू. दादासाहेबांना ते ऐकूनच घेरी यायची बाकी राहिली. पत्रिका छापल्या होत्या. एक उपमंत्री येतो म्हणाले होते. "जगदाळ्यांची लग्नं पुढं ढकलत नसतात, वकीलसाहेब. खांडा लावून करू." आणि आबा, जे कोर्टात न्यायाधीशालाही गप्प बसवत, ते एवढ्या जुन्या घराण्यापुढं मान डोलवून आले. त्यात एक घोळ झाला. दामूभटजींनी पोथी चाळून सांगितलं की हत्यार नवऱ्याचं स्वतःचं पाहिजे, पूर्वजांचं चालायचं नाही. आता विमानदलातल्या माणसाचं स्वतःचं हत्यार कुठलं? दादासाहेबांनी विसूला कळवलं, हत्यार पाठव. त्यानं उलट कळवलं की त्याच्या तोफा विमानाच्या अंगातच बसवलेल्या आहेत आणि सरकार त्यांनाही रजा देत नाही.

मग एका संध्याकाळी आबांच्या ऑफिसात त्याचा ट्रंककॉल आला. आधी तो आबांशी बोलला. आबांचा चेहरा पडला. "ते म्हणतायत, हे करू नका. मी आल्यावर बघू." मग रिसीव्हर माझ्या हातात आला. ऑफिसात दोन कारकून, आबा, आई, शेजारच्या काकू. फोनमध्ये वादळ सुटल्यासारखी खरखर.

"कुमुद," तो म्हणाला. पहिल्यांदाच नावानं. "तुला काय वाटतं?"

"मला चालेल."

"तलवारीशी?"

"तलवारीशी नाही हो. तुमच्याशी."

कारकुनांनी माना खाली घातल्या. आईनं तोंडाला पदर लावला. पलीकडून नुसती खरखर. मला वाटलं लाइन गेली.

"मग हातमोजा पाठवतो," तो म्हणाला. "उडताना घालतो तो. पाणिग्रहणाला निदान हात तरी माझा असू दे. आमचा एक कुरियन आहे, त्याला पुण्याला काही सामान आणायला जायचंय. त्याच्याबरोबर पाठवतो. आणि ऐक..."

तेवढ्यात लाइन खरंच गेली. पुढं काय ऐकायचं होतं ते मला आजतागायत कळलेलं नाही. त्यानंतर आठवड्याभरात लढाई सुरू झाली.

तर ती लग्नाची सकाळ. मंडपात गाव लोटलं होतं. कर्ण्यावर देशभक्तीची गाणी. मागच्या पडवीच्या दारात विसूची आई बसली होती, भुंडं कपाळ, फिकट लुगडं. नात्यातल्या बायका तिला वळसा घालून जात होत्या, सकाळी सकाळी तोंड नको दिसायला म्हणून. आदल्या दिवशी मी तिला नमस्कार करायला गेले तर काकीनं मला हाताला धरून मागं ओढलं होतं. "आत्ता नको गं. लग्न लागल्यावर."

भटजी घड्याळ बघत होते. हातमोजा आला नव्हता.

"सुरू करा," दादासाहेब म्हणाले. "तलवार आहे ना!"

"तलवार?" भटजींनी लाल कापडाकडे पाहिलं. अख्ख्या गावाला कळलं होतं आत किती तलवार आहे ते.

तेवढ्यात जीपचा आवाज झाला. विमानदलाच्या निळ्या गणवेशातला एक उंच, सावळा तरुण उतरला. हातात कागदात बांधलेलं पुडकं. हाच कुरियन. लोकांनी "भारत माता की जय" असा गलका केला. दादासाहेब हार घेऊन धावले आणि तो काही बोलायच्या आत त्याच्या गळ्यात घातला.

मी खोलीत होते, मुंडावळ्या बांधून, मान खाली. पण दादासाहेबांचा आवाज चार शेतं ओलांडून जायचा.

"वेलकम! वेलकम!"

"सर, मला तुमच्याशी बोलायचंय. एकांतात," कुरियन इंग्रजीत म्हणाला.

"आफ्टर लंच!"

"सर, प्लीज. आत्ताच."

"मुहूर्त, मुहूर्त! आधी लग्न, मग जेवण, मग बोलू. जिलबी आहे!" आणि त्याच्या हातातलं पुडकं त्यांनी काढून घेतलं.

मला हसू आलं होतं. बिचारा कुरियन, मला वाटलं, भूक नसेल त्याला.

पुडक्यातून हातमोजा निघाला आणि भटजींनी हात मागं घेतला. "दादासाहेब, हे कातडं आहे. मंडपात कातडं?"

"म्यान कशाचं आहे?"

"ते जुनं कातडं आहे."

"हाही काही नवा दिसत नाही."

हा युक्तिवाद भटजींना पटला. हातमोजा तलवारीच्या मुठीवर चढवला गेला. मला आणून पाटावर उभं केलं, अंतरपाट धरला, आणि मंगलाष्टकं सुरू झाली. पहिलं म्हणणाऱ्या बाईंचा सूर कुठं होता ते त्यांनाच ठाऊक. मी अंतरपाटाखालून बघितलं. पलीकडच्या पाटावर तो हातमोजा होता. पिवळट कातडं, बोटांच्या टोकांशी काळं पडलेलं. अंगठा जरा वाकलेला. तो कायम काहीतरी धरून ठेवत असणार, म्हणून वाकला असेल. सगळ्या सोंगाढोंगात ती एवढीच गोष्ट खरी होती आणि मी सुखात होते. अगदी मनापासून सुखात होते. दुसरं अष्टक झालं. अक्षता पडल्या. तिसरं सुरू झालं.

आणि मध्येच थांबलं.

बायका दचकून बाजूला झाल्या. विसूची आई मंडपात आली होती. विधवा बाई, मंगलाष्टकं चालू असताना, सरळ मंडपाच्या मधोमध. तिनं अंतरपाट हातानं खाली ओढला.

"बंद करा."

"वहिनीसाहेब!" दादासाहेबांचा चेहरा लालबुंद झाला. "तुम्ही इथं? आत व्हा! शुभकार्य आहे!"

"हे लग्न मला मान्य नाही."

"काय?"

"पोरगी काळी आहे," ती म्हणाली.

आबा पुढं झाले. "अहो, साखरपुड्याला तुम्ही स्वतः पाहिलीत तिला. तुमच्याच पसंतीची साडी..."

"तेव्हा नीट दिसलं नाही. काळी आहे. उंच आहे, माझ्या मुलाला झाकून टाकेल. इंग्रजी बोलते. उलटून बोलणारी सून मला नको." ती हे सगळं एका दमात बोलत होती, कुणाकडेही न बघता. "वकीलसाहेब, पोर उचला आणि घेऊन जा. आत्ताच्या आत्ता. जेवायला थांबू नका."

"अहो, पण कारण..."

"एवढी कारणं सांगितली, अजून किती सांगू?"

"मी कर्ता आहे या घरचा!" दादासाहेब गरजले. "भटजी, चालू द्या!"

तिनं मुठीवरचा हातमोजा ओढून काढला. मूठही त्याबरोबर निघून आली आणि खणकन पाटावर पडली. "हा माझ्या मुलाचा आहे. याच्याशी कुणाचं लग्न लावायचं ते मी ठरवणार." मग माझ्याकडे वळली, माझ्या कपाळावरच्या मुंडावळ्या तिनं खसकन ओढून काढल्या. "घरी जाऊन आधी हळद धू," ती मला म्हणाली. "चांगली घासून धू."

त्या क्षणी मला तिचा जेवढा तिटकारा आला तेवढा आयुष्यात कुणाचा आला नाही. मोटारीत बसताना बायका खिडकीशी येऊन बघत होत्या. मला उलटून बोलायला येत होतं, दोन पेले होते माझे, आणि तोंडातून शब्द फुटला नाही. मिरजेपर्यंत आबा रडत होते. मी रडले नाही. विसू येईल, मी मनात म्हणत होते, एकदा येऊ दे त्याला. त्याच्यापुढं उभी करून तिला विचारते, काळी आहे का मी?

तो यायचा नव्हता. दोन दिवसांनी बातमी आली. शत्रूच्या विमानांशी झुंज देऊन परतताना त्याचं नॅट आपल्याच हद्दीत कोसळलं.

मिरजेत तर लोकांना उत्साहच आला. शेजारच्या काकू येऊन आईला म्हणाल्या, "सुटली हो पोर! देवानंच त्या बाईला बुद्धी दिली." वाण्याच्या दुकानापर्यंत ही कथा गेली, की कुमुद कशी थोडक्यात वाचली. मी वाचले होते म्हणे. मला कुणी रडूही देईना. कोणाची कोण म्हणून रडायचं? बायको नव्हते, वाग्दत्ता नव्हते. नको म्हणून परत पाठवलेली पोरगी मी. त्या बाईनं माझ्याकडून त्याच्यासाठी रडायचा हक्कसुद्धा काढून घेतला होता, आणि त्याबद्दल मी तिला कधीच क्षमा करणार नव्हते.

तरी आबा म्हणाले, भेटून यायला हवं. रीत असते. आम्ही गेलो.

मंडप तोच होता, आता पांढऱ्या कापडाचा. दादासाहेबांना तर दम खायला फुरसत नव्हती. उपमंत्री आले होते. लग्नाला आले नव्हते, याला आले. मध्ये विसूचा मोठा फोटो आणि त्या फोटोत विसूला मिशी. झुपकेदार. फोटो स्टुडिओवाल्यानं ब्रशनं काढलेली. "वीराला शोभली पाहिजे," दादासाहेब कुणालातरी सांगत होते. मला तिथं किंचाळावंसं वाटलं.

कुरियन जीपपाशी एकटाच उभा होता. अस्थी घेऊन तोच आला होता. मी त्याच्याकडे गेले. सगळी माणसं बघत होती, बघू देत. आम्ही इंग्रजीत बोललो.

"कधी झालं?" मी विचारलं. "आम्हांला नुसतं कळवलं, गेला म्हणून."

त्यानं माझ्याकडे चमकून पाहिलं. "तुम्हांला माहीत नाही? तुमच्या लग्नाच्या आदल्या दिवशी. सकाळी. मी त्याच्या मागेच होतो, डोळ्यांनी पाहिलं. आमचे साहेब म्हणाले, तू तिकडं जातोच आहेस, तार पोचेल तेव्हा पोचेल, तू स्वतः घरी सांग. मी तेच सांगायला आलो होतो त्या दिवशी."

"मग सांगितलं का नाहीत?"

"काकांना सांगत होतो. ते म्हणाले, जेवणानंतर." त्याचे डोळे भरून आले. "मला काय करावं कळेना. आत लग्न सुरू झालं. मग मी मागं गेलो. त्याची आई तिथं एकटी बसली होती. त्यानं तिचा फोटो दाखवला होता म्हणून ओळखलं. मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं तिला. ती ओरडली नाही. फक्त विचारलं, पक्कं? मी म्हणालो, पक्कं. तिनं पुन्हा विचारलं, पक्कं? मग उठली. मला वाटलं आत जाऊन रडेल. ती मंडपाकडं गेली. तिथं काय म्हणाली ती? सगळे इतके चिडले का होते?"

मी जीपला धरून उभी राहिले. उंच आहे, माझ्या मुलाला झाकून टाकेल. मुलगा जळून गेला होता आणि ती असं म्हणत होती.

"वकीलसाहेब! पोरीला इकडं आणा!"

दादासाहेबांनी हाक मारली. मला मंत्र्यांसमोर उभं केलं. फोटोग्राफर पुढं सरसावला.

"साहेब, हीच ती वीरपत्नी," दादासाहेब म्हणाले.

आबा गडबडले. "दादासाहेब, लग्न तर..."

"दोन मंगलाष्टकं झाली होती! तिसरं चालू होतं! भटजी साक्षीला आहेत. आणि साहेब, तिकडं त्याच वेळी, तिसरं मंगलाष्टक चालू असताना, आमच्या विसूनं देह ठेवला!" तारेतली तारीख वेगळी होती. पण ती तार दादासाहेबांच्या खिशात होती आणि भाषणाला ही वेळ बरी पडत होती. मंत्र्यांनी डोळे टिपले. "ही आमची सून. आता या घरचीच. वहिनीसाहेबांनाही सोबत होईल, पडवीत एकटी बाई..."

काकी पांढरी साडी घेऊन आली. घडी न मोडलेली. आधीच आणून ठेवलेली.

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घातली. एवढा मोठा मान, एवढी माणसं, मंत्री. आणि मी? कुणाच्या बापाच्या सांगण्यावरून बसणार नाही म्हणणारी मी? खरं सांगते, मी हात पुढं केला होता. घालावी ती साडी, मला वाटलं. त्याची कुणीतरी होईन. हक्कानं रडेन तरी. माझी बोटं साडीला लागली होती.

"ती पोरगी इथं कशाला आली?"

पडवीच्या दारातून विसूची आई येत होती. चार दिवसांत म्हातारी झाली होती. सगळ्यांनी वाट दिली.

"वहिनीसाहेब, आता जुनं उगाळू नका," दादासाहेब दबक्या आवाजात म्हणाले. "ती सून आहे तुमची."

"माझी सून नाही ती. लग्न मोडलं होतं. मी मोडलं होतं, साऱ्या गावादेखत. पोरगी काळी म्हणून." तिचा आवाज कोरडा ठणठणीत होता. "पाहुणे जेवले, ही मंडळी मिरजेला पोचली, त्यानंतर गेला माझा मुलगा. हिच्या हळदीचा आणि त्याचा काही संबंध नाही. विचारा तार आली असेल त्याला."

दादासाहेबांचा हात खिशाकडे गेला आणि तिथंच थांबला. तार काढावी तर स्वतःचं भाषण खोटं पडत होतं. मंत्री एकदा त्यांच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होते.

ती खोटं बोलत होती. ते खोटं आहे हे तिला माहीत होतं आणि त्या क्षणापासून मला माहीत होतं. तिनं काकीच्या हातातून साडी घेतली आणि स्वतःच्या खांद्यावर टाकली. "या घरात एक पुरे आहे," ती म्हणाली. "वकीलसाहेब, तुमची मुलगी घेऊन जा. दुसरीकडं बघा तिचं. बघाल तर कुणी ना कुणी मिळेल, काळ्या पोरींचीही लग्नं होतात."

आणि मग तिनं माझ्याकडे बघितलं. एकदाच. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. नुसती घाई होती. जा, असं ते डोळे म्हणत होते. जा ना गं.

मला तिच्या पायांवर पडायचं होतं. आयुष्यात कुणाच्या पायांवर पडावं असं वाटलं असेल तर त्या एका बाईच्या. पण माझ्या बाजूला फोटोग्राफर डोळा लावून तयार होता, भटजी उभे होते, दादासाहेब उभे होते. मी तिथं वाकले असते तर सून सासूच्या पाया पडली असंच झालं असतं, आणि तेवढं त्यांना पुरलं असतं. म्हणून मी वाकले नाही. हातही जोडले नाहीत. पदर सावरला, तिच्याकडे पाठ केली आणि मान ताठ ठेवून आबांच्या पुढं चालायला लागले.

"बघा, बघा!" मागून एक बाई म्हणाली. "साधा नमस्कारसुद्धा न करता निघाली. काय तो तोरा!"

"म्हणून तर मोडलं," विसूची आई म्हणाली.